वाचक विचारतात : आजीच्या ओव्या वेबसाइटवर कशा ठेवायच्या?

प्रश्न : नमस्कार सर. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि गावच्या भजनी मंडळाचं भजन असं बरंच रेकॉर्डिंग जमवलोय. भाच्यानं वेबसाइट करून दिली, त्यावर सगळं टाकलोय. पुण्यात बसून तो म्हणतोय मस्त वाजतंय, पण आमच्याकडं पेजच उघडत न्हाई ओ, नुसतं गोल फिरायलंय. पेज उघडल्यावर भजन आपोआप सुरू व्हावं असंही वाटतंय. आणि लोकांना डाउनलोड पण करता यायला पाहिजे. काय करू?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आधी फाइल काय प्रकारची आहे ते बघा. तुमच्या वर्णनावरून मला तरी वाटतंय की भाच्यानं वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेलं मूळ रेकॉर्डिंग, तशीच चढवली असणार. सीडीच्या दर्जाची स्टीरिओ वेव्ह म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी, मग ४० मिनिटांचं भजन झालं ४०० एमबीच्या वर, आणि पुण्यात वायफायवर ते चालतंय म्हणून कणकुंबी-जांबोटीच्या रानात एक-दोन काड्यांच्या रेंजवर कसं चालेल? तेच भजन एमपी३ मध्ये, मोनो (दोनऐवजी एकच चॅनल), ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) काढलं तर १९-२० एमबीत बसतं. ओव्या, कीर्तन, गप्पा, म्हणजे माणसाचा आवाजच मुख्य असेल तिथं ६४ मोनो भरपूर झालं. पेटी-पखवाज-टाळ असतील तर मात्र १२८ ठेवा, ६४ला टाळाचा आवाज चरचरतो. बिटरेट कॉन्स्टंट, म्हणजे सगळीकडे सारखा ठेवा, काही व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या बिटरेटच्या फाइल्समध्ये प्लेअर एकूण वेळ चुकीची दाखवतो आणि ऐकणारा गोंधळतो.

हे सगळं ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. मूळ वेव्ह फाइल डिलीट करू नका हं, ती हार्डडिस्कवर दोन ठिकाणी जपून ठेवा, एमपी३ फक्त लोकांना द्यायला. एमपी३ केली की काही आवाज कायमचा जातो, तो परत येत नाही. कुणी ओव्या व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवल्या असतील तर त्या ओपस नावाच्या वेगळ्या प्रकारच्या फाइल असतात, सगळ्या फोनवर विशेषतः जुन्या आयफोनवर वाजतीलच असं नाही, म्हणून त्यांचीही एमपी३ करून मगच टाका.

आता पेजचं. एकाच पेजवर वीस प्लेअर असतील तर ब्राउझर प्रत्येक फाइलचा थोडा थोडा भाग आधीच ओढायला बघतो, त्यात रेंज संपते. भाच्याला सांगा पेजच्या कोडमधल्या ऑडिओ टॅगमध्ये प्रीलोड 'नन' कर, म्हणजे बटण दाबेपर्यंत काहीच उतरत नाही. आपोआप वाजवायचं डोक्यातनं काढून टाका. क्रोमनं २०१८ पासून आवाजासकट आपोआप वाजणं बऱ्यापैकी बंदच केलंय, आणि बरं केलंय, एसटीत फोन उघडला आणि भजन सुरू झालं तर कुणाला आवडेल.

आणि नुसता प्लेअर देऊन थांबू नका, माझं तर मत असं की आपल्या भागात डाउनलोडच जास्त महत्त्वाचं. लोक बेळगावला बाजाराला आले की तिथल्या रेंजवर फाइल उतरवून घेतात आणि घरी जाऊन चार जणांना ऐकवतात. म्हणून प्रत्येक प्लेअरखाली साधी लिंक द्या आणि लिंकजवळच लिहा, 'एमपी३, १९ एमबी, ४० मिनिटं'. आकडा बघून माणूस ठरवतो आत्ता उतरवायचं की नंतर. फाइलचं नाव इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. मराठी नाव ठेवलं तर चालतं, पण लिंक कॉपी केली की टक्क्याची चिन्हं आणि आकड्यांची हातभर माळ होते, मग लोकांना वाटतं काहीतरी फसवणूक आहे. मराठी नाव, गाणाऱ्याचं नाव, गाव हे एमपी३ फाइलच्या आत माहितीसाठी जे टॅग असतात त्यांत घाला, ते मोबाइलच्या प्लेअरवर दिसतं. उद्या फाइल वेबसाइट सोडून दहा ग्रुपवर फिरली तरी ओव्या कुणाच्या, कुठल्या, हे तिच्यासोबत राहतं.

एक राहिलंच, आजीला विचारलंय ना? ओव्या परंपरेनं आलेल्या, त्यांचा कुणी एक मालक नाही, पण गायन तिचं आहे आणि कायद्यातही गाणाऱ्याचा हक्क वेगळा मानलाय. भजनी मंडळाकडनंही दोन ओळी लिहून घ्या.

प्रश्न : डाउनलोडच्या लिंकवर टच केलं की फाइल उतरायच्या ऐवजी वाजायलाच लागते. आणि पट्टी मधे सरकवली की परत पहिल्यापासून सुरू होतंय.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. लिंकच्या कोडमध्ये download हा शब्द घातला तर फाइल उतरते, पण फाइल तुमच्याच साइटवर असली तरच. दुसऱ्या डोमेनवर, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटच्या पत्त्यावर असेल तर ब्राउझर तो शब्द मानत नाही, सरळ वाजवतो. फाइल आपल्या साइटवर आणेपर्यंत लोकांना लिंकवर बोट दाबून धरायला सांगा, डाउनलोडचा पर्याय येतो.

पट्टीचं दुखणं बहुतेक सर्व्हरचं. ब्राउझर म्हणतो मला मधला तुकडा दे, सर्व्हरनं २०६ (म्हणजे 'हा फक्त तुकडा') असं उत्तर देऊन तेवढाच तुकडा द्यायला पाहिजे. साधी फाइल साध्या फोल्डरमध्ये असली तर अपाची, एनजिनएक्स ही सर्व्हरची सॉफ्टवेअरं हे आपणहून करतात. फाइल पीएचपीच्या कोडमधनं पाठवत असाल आणि त्यात तुकड्याची सोय नसेल तर २०० (म्हणजे 'ही पूर्ण फाइल') म्हणून अख्खी फाइल पहिल्यापासून येते. मधला कोड काढा, सरळ फाइलची लिंक द्या. आयफोनवर तर तुकड्यांची सोय नसेल तर कधी कधी वाजतच नाही.

प्रश्न : घरी १९८५ सालची बाजारातली भक्तिगीतांची कॅसेट आहे. आता मिळत पण नाही. वेबसाइटवर टाकली तर चालेल का?
– एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : नाही ओ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशित झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे ही कॅसेट १९८५ ला निघाली असेल तर २०४५ संपेपर्यंत. दुकानात मिळत नाही म्हणून हक्क संपत नाही. गीतकार-संगीतकाराचा हक्क आणखी वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. कॅसेट घरी ऐका, फिती खराब व्हायच्या आत स्वतःपुरती कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, वेबसाइटवर मात्र टाकायची असेल तर आधी कंपनीला पत्र लिहून परवानगी मागा.