राजीनाम्याआधी मिझिलला जाऊन ये

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जिल्हा आवृत्तीत रुजू झाल्यापासून कविता सुचत नाही, बातम्यांच्या रगाड्यात शब्द बोथट होत चाललेत, म्हणून नोकरी सोडावीशी वाटते, असं तू लिहितोस. त्याआधी रुमानियाच्या जेओ बोग्झाबद्दल थोडं ऐक. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण कवी आणि बातमीदार एकाच माणसात कसे नांदतात, हे मी त्याच्याकडून शिकलो.

जन्म १९०८चा, प्राहोवा जिल्ह्यातला. हा तेलाच्या विहिरींचा मुलूख. १९२८ साली, ऐन विशीत, त्याने कंपिना या लहानशा गावातून ‘उर्मुझ’ नावाचं नियतकालिक काढलं. पाच अंकांत ते आटोपलं. पाठोपाठ कवितासंग्रह आला, अश्लीलतेचा ठपका बसला आणि १९३०मध्ये अटक झाली. अशा अटका १९३७पर्यंत होत राहिल्या. त्यातल्या बऱ्याच कविता मला आज केवळ डिवचण्यासाठी लिहिलेल्या वाटतात. तेलाचा वास आणि चिखल ज्यांत आहे, त्या मात्र टिकून आहेत.

पुढे तो रिपोर्ताजकडे, म्हणजे जागेवर जाऊन, स्वतः पाहून लिहिलेल्या वृत्तलेखाकडे वळला, आणि तिथे त्याच्यातला कवी खरा कामाला लागला. मिझिल हे प्लोयेश्त आणि बुझाऊ यांच्या मधलं छोटं शहर. बोग्झा तिथे गेला, एकशे पंच्याहत्तर मिनिटं थांबला आणि ‘मिझिलमधली १७५ मिनिटं’ लिहून मोकळा झाला. खून नाही, मोर्चा नाही, मंत्र्याचा दौरा नाही. सगळ्या किरकोळ गोष्टी. तो शीर्षकातला आकडा नीट बघ. ‘काही तास’ असं त्याने लिहिलं नाही. बातमीदाराने घड्याळ लावून वेळ मोजली, आणि त्या वेळेत काय बघायचं हे कवीने ठरवलं. एकाने दुसऱ्याची जागा बळकावली नाही.

ओल्त नदीचंही तसंच. सहाशे किलोमीटरहून लांब ही नदी कार्पेथियन डोंगर फोडून डॅन्यूबला मिळते. १९४५च्या पुस्तकात त्याने ती उगमापासून मुखापर्यंत लिहून काढली, एखाद्या माणसाचं चरित्र लिहावं तशी.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. युद्धानंतर कम्युनिस्ट सत्ता आली, बोग्झाला अकादमीचं सदस्यत्व मिळालं आणि त्याने सोव्हिएत प्रवासाची वर्णनं लिहिली. तिथे काय दिसणार हे निघण्याआधीच ठरलेलं होतं, असं माझं मत आहे. ज्याने मिझिलमध्ये एवढं पाहिलं, त्याचीच नजर तिथे कामी आली नाही. तुझी कविता बातम्यांमुळे आटलेली नाही. पालकमंत्र्यांच्या कार्यक्रमाची बातमी तू तिथे जाण्याआधीच मनात लिहून ठेवतोस, त्याने ती आटते. याची मला खरोखर काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितोय.

येत्या सुट्टीला तालुक्याच्या एसटी स्टँडवर जा. चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर तीन तास बस. कोण काय विचारतं, खिडकीतून काय उत्तर मिळतं, फलकावरची कुठली वेळ खडूने खोडून पुन्हा लिहिली आहे, चहावाला कुणाला उधार देतो आणि कुणाला नाही, सगळं वेळेसकट टिपून घे. ‘केविलवाणा’, ‘उदास’ हे शब्द त्या दिवशी वापरायचे नाहीत. मोबाइल पिशवीत राहू दे.

टिपणं सुधारू नकोस, आहेत तशी मला पाठव. राजीनाम्याचं त्यानंतर बोलू.