लग्न झालेलं असेल तर पहिल्या वर्षी रॉथ आयआरए नको

नमस्कार. तुम्ही १ ऑक्टोबर २०२६ ला एच-१बीवर न्यू जर्सीत रुजू होताय, पत्नीही सोबत येतायत, आणि तिथला मित्र म्हणतोय की आल्या आल्या रॉथ आयआरए (निवृत्तीच्या बचतीचं, स्वतः उघडायचं खातं) उघडा. सल्ला एरवी उत्तम, पण तुमच्या पहिल्या वर्षाला तो चालत नाही.

याआधी अमेरिकेत राहिला नसाल, तर करापुरतं निवासी ठरायला लागणारे १८३ दिवस डिसेंबरअखेर भरत नाहीत. म्हणजे २०२६ साठी तुम्ही करापुरते अनिवासी, आणि अनिवासी विवाहिताला सहसा नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न भरता येत नाही, स्वतंत्रच भरावं लागतं. त्यात वर्षभरात कधीही दोघं एकत्र राहिला असाल (पुण्यातलं राहणंही धरतात) तर १०,००० डॉलर उत्पन्नाला रॉथचं दार बंद. तीन महिन्यांचा पगार त्याच्या वर जाणारच.

खातं उघडून देणारा ब्रोकर मात्र अडवत नाही, कारण तुमचं रिटर्न कोणत्या प्रकारचं हे त्याला ठाऊकच नसतं. आपल्या पीपीएफमध्ये दीड लाखावर गेलेल्या रकमेला फक्त व्याज मिळत नाही. इथे ७,५०० डॉलर चुकीचे भरले तर ६ टक्के, म्हणजे ४५० डॉलर दंड, आणि तो एकदाच नाही: पैसे तिथे राहतील तितकी वर्षं, दर वर्षी. रिटर्नसोबतच्या फॉर्म ५३२९ वर तो आपणच दाखवायचा असतो.

कुणी आधीच भरले असतील तर रिटर्नच्या मुदतीपर्यंत ती रक्कम आणि तिच्यावरचा नफा काढून घ्यावा. रिटर्न वेळेत भरलेलं असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंतही चालतं. दंड टळतो, नफ्यावर कर बसतो.

४०१(के)ला, म्हणजे कंपनीमार्फत पगारातून भरायच्या निवृत्तीच्या खात्याला, ही उत्पन्नाची अट नाही. कंपनी स्वतःची भर घालत असेल तर पहिल्या पगारापासून सुरू करा, ते पैसे सोडू नका. पुढे वर्षाच्या मध्यात नोकरी बदललीत तर जपा: वर्षाची मर्यादा (२०२६ साठी २४,५०० डॉलर) माणसाला आहे, कंपनीला नाही, आणि नव्या कंपनीला जुन्या कंपनीकडचा आकडा माहीत नसतो. जादा रक्कम पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत काढली नाही तर तिच्यावर दोनदा कर लागतो.

रॉथ २०२७ मध्ये उघडा. तेव्हा एकत्र रिटर्न भरता येईल, आणि पत्नींना नोकरी नसली तरी तुमच्या पगारावर त्यांचंही खातं होईल. फक्त १५ एप्रिलच्या आत पैसे भरलेत तर ब्रोकर कोणत्या वर्षासाठी ते विचारतो. तिथे २०२७ च निवडा.