पेटी काकांकडेच राहणार का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी बरीचशी पत्रं एकाच विषयावर आलीत, चर्चच्या मंडळीतली मोठी माणसं आणि तरुण पोरं यांचं का जमत नाही आणि जमवायचं कसं. काही पत्रं तरुणांची आहेत, काही मोठ्यांची, आणि वाचताना मला सारखं वाटत होतं की दोन्हीकडचं दुखणं एकच आहे. म्हणून एकत्रच घेतेय. नावं अर्थातच देत नाही.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी २४ वर्षांचा आहे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत संडे स्कूलपासून वाढलो. आमच्याकडे पेटी एक काका वाजवतात, मला आठवतंय तेव्हापासून तेच. आम्ही तरुण संघाच्या पोरांनी पैसे जमवून कीबोर्ड घेतला, थोडे दिवस वाजवला, मग एका रविवारी उपासनेनंतर काकांनी सगळ्यांसमोर झापलं की हे चर्च आहे ऑर्केस्ट्रा नाही. आम्हाला फक्त खुर्च्या लावायला, नाताळचा स्टार टांगायला आणि नाटक बसवायला बोलवतात, बाकी कमिटीत काय ठरतं ते आम्हाला नंतर कळतं. माझे मित्र शहरातल्या एका नव्या फेलोशिपमध्ये जायला लागलेत, तिथे गिटार ड्रम सगळं आहे. मी पण जाऊ का? मन होत नाही पण इथे राहून करू काय?

उत्तर : जय ख्रिस्त बाळा. सगळ्यांसमोर झापलं ते चूकच होतं, आधी ते सांगते. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोन्ही गोष्टी आहेत, कोणी तुझं तारुण्य तुच्छ मानू नये हेही आहे आणि वडीलधाऱ्याला टाकून बोलू नको, बापासारखं मानून समजाव हेही आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये यातलं दुसरं वाक्य तरुणांना वरचेवर ऐकवतात आणि पहिलं वाक्य मोठ्यांना कोणी ऐकवत नाही.

आता तुझं बघू. तू मन होत नाही असं लिहिलंस ना, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुला तिथलं काहीतरी हवंय. मग एक कर, कीबोर्डचा विषय थोडे दिवस बाजूला ठेव आणि एखाद्या संध्याकाळी काकांच्या घरी जा, रविवारी नाही, मधल्या वारी. त्यांना म्हण, काका मला जुन्या चाली शिकवा. हे गोड बोलून कीबोर्ड आत घुसवायचा डाव म्हणून करू नकोस, त्यांना कळेल. खरंच शिक. कारण आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातले शब्द छापलेले आहेत, ते कुठे जात नाहीत, पण चाल माणसाच्या गळ्यात असते. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांनी आपल्याला अभंग दिले, ओव्या दिल्या, तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस तो, त्यांची भजनं झांजा-तबल्यावर म्हणायची आहेत आणि कुठे थांबायचं, ध्रुवपद कुठे उचलायचं, शेवटच्या कडव्याला लय कशी वाढवायची हे तुझ्या काकांना माहिती आहे आणि उद्या ते नसले की तुमच्या मंडळीत कोणालाच माहिती नसेल. मोबाईल समोर ठेव, रेकॉर्ड कर, आणि मध्ये मध्ये विचार की काका ही चाल तुम्ही कोणाकडून शिकलात. त्यांनाही कोणीतरी शेजारी बसवून शिकवलंच असणार. ते सांगायला लागले की वेगळेच काका दिसतील तुला.

मग काही आठवड्यांनी विचार, महिन्यातून एक गीत आम्ही बसवू का, तुम्ही पेटीवर आणि मी कीबोर्डवर, एकत्र. नाही म्हणाले तर पाळकसाहेबांकडे जा आणि नीट सांग, भांडून नाही, आणि तेव्हाच हेही सांग की कमिटीत तरुण संघाचा एक माणूस बसू दे, निदान ऐकायला तरी. खुर्च्या लावणारा पोरगा खुर्चीवर बसून बोलला तर मंडळीचं नुकसान होत नाही.

काका हे वाचत असतील तर त्यांच्यासाठीही लिहिते. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं तरुण मार्कावरून भांडण झालं होतं ते आठवतं ना, प्रेषितांची कृत्ये अध्याय १५. मार्क सुवार्तेच्या पहिल्या प्रवासात पंफुल्यातूनच माघारी फिरला होता, म्हणून पौल म्हणाला याला परत नेणार नाही, आणि पौलासारखा माणूस असं म्हणाला म्हणजे पोराचा विषय संपलाच होता. बर्णबाने ऐकलं नाही. तो मार्काला घेऊन कुप्रला गेला, त्याच्यासाठी पौलाची सोबत सोडली. पुढे म्हातारपणी तोच पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने त्याला काय शिकवलं ते बायबलमध्ये कुठे लिहिलेलं नाही, सोबत घेऊन गेला एवढंच आहे, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

आणि आपल्या नगरचंच उदाहरण द्यायचं तर बालकवी ठोंबरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात हा कोवळा मुलगा पुढे आला, टिळक त्याच्यापेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी मोठे, नावाजलेले कवी. पुढे ते त्याला नगरला स्वतःच्या घरी घेऊन आले. धर्म वेगळा, वय वेगळं, स्वभाव तर विचारूच नका, रुसणारा हळवा पोर, पण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं जेवू घातलं, सांभाळलं. टिळकांनी त्याला आपल्यासारखं लिही असं म्हटलं नाही. तो निसर्गाच्या कविता लिहीत होता, लिहू दिल्या. तुझ्या काकांकडून मला एवढंच हवंय, की पोराचा कीबोर्ड एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्यावा.

फेलोशिपमध्ये जायचं की नाही हे तू ठरव, तिथेही देवाची माणसं आहेत. पण रागाने जाऊ नकोस, आणि चाली शिकून मग जा.

प्रश्न : आमच्या मंडळीत (पुणे) गेल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, एक ज्येष्ठ आणि एक तरुण, महिन्यातून एकदा भेटायचं. पहिल्या महिन्यात सगळे भेटले, फोटो काढले, ग्रुपवर टाकले, नंतर कोणीच भेटत नाही. काय चुकलं?

उत्तर : भेटून करायचं काय हे कोणी सांगितलंच नाही. रिटायर झालेले बँक मॅनेजर आणि कॉलेजातली मुलगी समोरासमोर बसले की पाच मिनिटांत अभ्यास कसा चाललाय इथपर्यंत येतं आणि संपतं, मग मोठा माणूस उपदेश सुरू करतो कारण गप्प बसणं अवघड जातं. चिठ्ठ्या बंद करा. कामं वाटा. मंडळीचा हिशोब ठेवणाऱ्या आजोबांसोबत कॉमर्सचा एक मुलगा द्या, तो त्यांना एक्सेल दाखवेल आणि ते त्याला दाखवतील की दानाचा पैसा मोजताना नेहमी दोघं का असावेत. घरी पडून असलेल्या आजाऱ्यांना भेटायला महिला मंडळाच्या बायका जातात तर त्यांच्यासोबत एक तरुण मुलगी जाऊ दे, आजाऱ्याजवळ किती बोलायचं, प्रार्थना किती लांब करायची, निघायचं कधी, हे बघूनच येतं. संडे स्कूलच्या टीचरसोबत एक हेल्पर. दफनाच्या वेळी तर नक्की, कारण कबरस्तानात काय काय करावं लागतं हे आपल्याकडे दोन-चार जुन्या माणसांनाच माहिती असतं. जोड्या आपोआप जमतात, फोटोची गरज पडत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, सोलापूर. कॉलेजच्या मुलींचा बायबल अभ्यास घेते. त्यातली एक मुलगी फार हुशार, पण प्रश्नच प्रश्न. तिचे वडील कोविडमध्ये गेले. म्हणते सगळ्या मंडळीने उपास-प्रार्थना केली मग देवाने का ऐकलं नाही. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे पण पटत नाही म्हणते. मी तिला सांगितलं आधी विश्वास ठेव मग कळेल, तर तिने यायचंच बंद केलं. बाकीच्या मुलींवर परिणाम होईल म्हणून मीही बोलावलं नाही, पण रात्री तिचाच विचार येतो.

उत्तर : बाई, तुम्हाला तिचा विचार येतो म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावच्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, म्हणजे विश्वासात आईच्या जागी असलेल्या. रमाबाई त्यांना पत्रांत आजीबाई म्हणायच्या, एवढी माया. आणि त्याच आजीबाईंशी रमाबाईंनी किती वाद घातलाय! त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर, बायबलमध्ये जे नाही ते मी का मानू यावर. सिस्टरना वाटायचं ही पोर गर्विष्ठ आहे, नवीन ख्रिस्ती माणसाने आधी आज्ञा पाळावी. रमाबाईंचं म्हणणं असं की मी आत्ताच कुठे भटजींच्या जोखडातून मान सोडवून घेतलीय, आता दुसऱ्या कोणाचं जोखड घालून घेणार नाही. पुढे चेल्टनहॅमला मिस बील यांच्या कॉलेजात गेल्या, तिथे त्यांना प्रश्नांसाठी जास्त मोकळी जागा मिळाली. पण मला सांगायचंय ते पुढचं आहे. एवढं भांडून सिस्टर जेराल्डिननी नातं तोडलं नाही. मनोरमेला त्यांनी सांभाळलं, रमाबाई हिंदुस्थानात परत आल्यावरही पत्रं चालू राहिली, आणि ती सगळी पत्रं, स्वतःवर टीका असलेली सुद्धा, त्यांनी जपून ठेवली. आज आपल्याला रमाबाईंचं तेव्हाचं मन कळतं ते त्या जपलेल्या पत्रांमुळे.

आणि ही प्रश्न विचारणारी बाई पुढे काय झाली ते तुम्हाला सांगायला नको. निराधार बायकांसाठीचं केडगावचं मुक्ती मिशन, हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं मराठी बायबल, आश्रमातल्या बायकांनी छापखान्यात जुळवलेले खिळे. त्या प्रश्नांमुळे तिचा विश्वास गेला नाही.

म्हणून तिला फोन करा. अभ्यासाला ये म्हणून नको, चहाला ये म्हणून. ती एकटीच असू दे. वडिलांबद्दल बोलू द्या, ते कसे होते, काय आवडायचं, शेवटी हॉस्पिटलमध्ये भेटता आलं का. कोविडमध्ये कितीतरी घरांना नीट निरोपसुद्धा देता आला नाही, ती पोर कदाचित त्यातलीच असेल आणि तुमच्याकडे ती वादाला आलेली नसेल, रडायला आलेली असेल. देवाने का ऐकलं नाही याचं उत्तर देऊ नका, ते तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही, मला माहीत नाही असं सरळ म्हणा. मग हवं तर दोघी मिळून १३ वं स्तोत्र वाचा, किती वेळ विसरशील देवा असं दावीद तोंडावर विचारतो, आणि २२ वं, जे प्रभूने वधस्तंभावर उच्चारलं. देवाला असं विचारलेलं चालतं हे तिला बायबलमधूनच दिसू दे. त्रैक्याचा विषय नंतर, त्याला घाई नाही.

आणि बाकीच्या मुलींवर परिणाम होईल ही भीती सोडा. त्यांच्याही मनात तेच प्रश्न आहेत, फक्त ही बोलली. उलट तिला परत आलेली आणि तुम्ही तिला जवळ घेतलेली त्यांनी पाहिलं तर त्या पण बोलतील.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. मंडळीतले एक वयस्कर सभासद, खूप मान आहे त्यांना, आध्यात्मिक मार्गदर्शन करतो म्हणून तिला एकटीला घरी बोलवतात, रात्री मेसेज करतात. परवा म्हणाले हे आईला सांगू नको. अशा माणसावर संशय घेणं पाप आहे का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. हे आजच थांबवा. आईला सांगू नको हे वाक्य आलं तिथे मार्गदर्शन संपलं.

मुलीवर रागावू नका, तिने तुम्हाला सांगितलं हे फार धाडसाचं आहे, तसं तिला बोलून दाखवा. फोन हिसकावून घेऊ नका नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाही. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. शांतपणे विचारा अजून काही झालंय का, आणि ती जेवढं सांगेल तेवढंच ऐका. मंडळीचं नाव खराब होईल, म्हातारा माणूस आहे, माफ करा, असं कोणीतरी म्हणेलच, तुम्ही ऐकू नका. पाळकसाहेबांना लेखी कळवा, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी, मुलगी असो की मुलगा, लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि गुन्हा झाल्याचं माहिती असून न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, काय करायचं ते विचारायला सुद्धा फोन करता येतो.

मंडळीच्या कमिट्यांनाही सांगते, लहान मुलांना शिकवणारं कोणीही असो, पाळक असो की मंडळीतला वडीलधारा माणूस, दार उघडं असावं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या अंतरावर असावं, मेसेज करायचेच तर आईबाप असलेल्या ग्रुपवर. हे लिहून नोटीस बोर्डवर लावा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

आणि ताई, यामुळे मुलीला मंडळीपासून तोडू नका. तिला कोणीतरी मोठं हवंय हे खरं आहे, १५ व्या वर्षी आईला न सांगता येणाऱ्या शंभर गोष्टी असतात. तुमच्या महिला मंडळातली तिला आवडणारी एखादी काकू असेल, जिच्या स्वयंपाकघरात ती आत्ताही जाऊन बसते, तिच्याशी तुम्ही स्वतः बोला, काय झालं ते सांगायचं की नाही हे मुलीला विचारून ठरवा, आणि रविवारी उपासनेनंतर थोडा वेळ हिला तुझ्यासोबत राहू दे म्हणा.