मुलीला शाळेऐवजी घरी शिकवायचं ठरवतोय. अभ्यास आणि तिचं मन दोन्ही कसं सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळच्या वाडीत राहता, मुलगी ९ वर्षांची, चौथीत आहे. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं म्हणून रडते. तिला जूनपासून घरीच शिकवावं असं मनात आहे. मग रोजचा अभ्यास कसा घ्यायचा, तिचं मन कसं जपायचं आणि पुढे दहावीचं काय?

आधी पोटाबद्दल लिहिते. रविवारी आणि मे महिन्यातही दुखतं का, ते बघा. सुट्टीतही दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, वजन घटत असेल, लघवीला जळजळ किंवा शौचाला खडा होत असेल तर पहिल्यांदा डॉक्टर. फक्त शाळेच्या सकाळी दुखतं आणि शाळेची वेळ टळली की थांबतं, असं असेल तर ते बहुधा धास्तीचं दुखणं. पण तेही खरंच दुखतं. त्याला नाटक म्हणू नका.

मग धास्ती कशाची ते शोधा. फळ्यावरचं दिसत नाही, वाचताना अक्षरं जुळत नाहीत, एसटीत मोठी मुलं चिडवतात, शाळेचं स्वच्छतागृह वापरवत नाही: प्रत्येकाचा उपाय वेगळा. डोळे तपासून घ्याच. वाचनाची अडचण असेल तर ती घरीही तिच्यासोबत येणार. कारण न शोधता शाळा बंद केली तर भीती वाटली की टाळायचं आणि टाळलं की बरं वाटतं, एवढाच धडा तिच्या मनात बसतो. पुढे मग बाजार, पाहुणे, परीक्षा सगळंच टाळलं जातं. म्हणून निर्णय रडारडीच्या सकाळी घेऊ नका. शांतपणे, तिला सोबत बसवून घ्या.

शाळा थांबली की दुसऱ्या दिवशी वह्या काढू नका. जितकी वर्षं शाळेत गेली तितके महिने मोकळे, असा ठोकताळा घरी शिकवणाऱ्या पालकांत चालतो. मला चार महिने जरा लांब वाटतात, पण मे आणि जून पूर्ण द्या. रात्री मोठ्याने गोष्ट वाचून दाखवा, घरातली कामं सोबत करा. 'कंटाळा आला' म्हणेल, म्हणू दे.

घरचं शिक्षण सर्वांत जास्त फसतं ते घरात शाळा भरवल्यामुळे. आई नऊ वाजता बाई होते, चूक झाली की रागावते. शाळेत बाई ओरडल्या तर मूल घरी येऊन आईच्या कुशीत शिरतं, पण इथे आईच ओरडली तर त्याने जायचं कुठे? माझ्या मते मन जपण्याचं निम्मं काम इथेच होतं किंवा बिघडतं. म्हणून बैठा अभ्यास दिवसाला ७० ते ८० मिनिटंच ठेवा: मराठी २५, गणित २५, मध्ये मोठी सुट्टी, मग इंग्रजी २०. भाषा एकाने, गणित दुसऱ्याने घ्यावं, सगळं आईवर टाकू नये. डोळ्यांत पाणी आलं की पुस्तक मिटायचं आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी सोप्यापासून धरायचं. शिवाय रोज १५ मिनिटं अशी द्या की तीत काहीच शिकवायचं नाही, खेळ ती ठरवेल, फोन दुसऱ्या खोलीत.

'तुला काय वाटतं?' असं समोर बसवून विचारलं तर ९ वर्षांचं मूल 'काही नाही' म्हणतं. शेंगा सोलताना, कोलंबी निवडताना, नजर हातातल्या कामावर असताना बोलणं आपोआप येतं. तेव्हा सल्ला देऊ नका. फक्त नाव द्या: ही धास्ती, हा हिरमोड, ही लाज. भीती किती, ते १० बोटांवर दाखवायला शिकवा. काल सात, आज पाच, हे तिला स्वतःला दिसतं.

पालघर जिल्ह्यात कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली. तुमच्याकडे कुरणाच्या जागी पाऊस आणि समुद्र आहे.

पाऊस मोजायच्या साधनाने, म्हणजे पर्जन्यमापकाने सुरुवात करा. सरळ बाजूंची २ लिटरची बाटली घ्या. मान जिथे निमुळती व्हायला लागते तिथे कापा आणि तो भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळाशी खडे घालून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा. त्या पातळीवर पट्टीचा शून्य येईल अशी मिलिमीटरची पट्टी बाहेरून चिकटवा. बाटली वाळूच्या बादलीत रोवा, नाहीतर वाऱ्याने कलंडते. पागोळीखाली किंवा माडाखाली ठेवली तर आकडा खोटा येतो. हवामान खात्यासारखं रोज सकाळी ८.३० ला वाचा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा. हे शून्यावर आणणंच बहुतेकदा राहून जातं. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, २०४.४ पर्यंत अतिजोरदार आणि त्याहून वर अत्यंत जोरदार पाऊस. अशा दिवशी बाटली भरून वाहायच्या आत दोनदा वाचावं लागतं. यातून दशांश अपूर्णांक येतात, बेरीज येते, चौकटीच्या वहीत स्तंभालेख येतो. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. मग तुमच्या ४० चौरस मीटरच्या कौलांवर १०० मिमी पडला तर किती? ४,००० लिटर. हा गुणाकार तिला पाठ करावा लागणार नाही.

भरतीचंही तसंच. पक्षातल्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. तुमच्या बंदरात प्रत्यक्ष किती मिनिटांचा फरक पडतो, तो तिने पंधरवडाभर बघून काढायचा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हे तिला आपणहून सापडू द्या. खडकांवर मोठ्या माणसाबरोबर आणि ओहोटीतच जायचं, पायात बूट हवेतच, कालवं तळवे कापतात. पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही. पाऊस सुरू झाला की वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मे महिन्यातच उतरवून ठेवा.

सोबतीची अडचण अभ्यासापेक्षा मोठी आहे. वाड्यांत निम्मी घरं बंद, मुलं मोजकी. घरी शिकणारं मूल एकटं पडायला एक पावसाळा पुरतो. जुन्या मैत्रिणी तोडू नका. शाळा सुटल्यावर ज्या मैदानात त्या खेळतात तिथे आठवड्यातून किमान चार संध्याकाळी ती असलीच पाहिजे. जाखडी नाचाच्या तालमी, शिमग्यातला ढोल, वाचनालय, जे जवळ असेल ते. मात्र दिवस ठरलेला हवा, 'जमेल तेव्हा' म्हटलं की जमत नाही.

गणपतीत चाकरमानी येतील आणि सगळ्यांसमोर तिला सतराचा पाढा विचारतील. आधीच तिच्याशी ठरवून ठेवा की उत्तर द्यायचं की नाही हे तिच्या हातात. 'काका, तिची पावसाची वही बघा' असं तुम्ही म्हणायचं आणि विषय तिथेच वळवायचा.

महिना-दोन महिन्यांत झोप, भूक, खेळ सुधारले नाहीत, किंवा ती घराबाहेर पडेनाशी झाली, तर कारण शाळेपलीकडचं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. जिल्हा रुग्णालयातही दाखवा.

आता कागद. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू आहे. मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय. त्यासाठी पालकांना दंड नाही, तशीच घरच्या शिक्षणासाठी परवानगीची वेगळी पद्धतही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी आले तर वाद घालू नका, तारखेनिशी लिहिलेली रोजची वही दाखवा. मन बदललं तर त्याच कायद्याने वयानुरूप वर्गात परत प्रवेश मिळतो. दहावीसाठी दोन वाटा आहेत. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्यासाठीच्या राज्य मंडळाच्या १७ नंबर फॉर्मला १४ वर्षं पूर्ण आणि किमान पाचवी उत्तीर्ण लागतं, म्हणून शक्य असेल तर पाचवीचं वर्ष शाळेतूनच पूर्ण करावं, असं माझं मत. दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं राष्ट्रीय मुक्त विद्यालय. तिथेही १४ वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय घ्यायचे आणि ते पाच वर्षांत नऊ संधींमध्ये थोडे थोडे करून देता येतात. घाबरणाऱ्या मुलाला हा रस्ता पुष्कळ सोपा जातो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला आठवणीने घ्या, झेरॉक्स काढा आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. आपल्याकडच्या पावसात कागदाला बुरशी धरते.