स्टुटगार्टला निघालायस म्हणून

अरे, जर्मनीचा व्हिसा आल्याचा मेसेज वाचला, मस्तच. काय काय घेऊन जाऊ विचारलंयस, ती यादी तुझी आई माझ्यापेक्षा चांगली करेल, मेतकूट, गोडा मसाला वगैरे (कुकर मात्र इंडक्शनवर चालणारा बघून घे, पोहे-डाळी तिकडे इंडियन दुकानात मिळतात). मला वेगळंच सांगायचंय. काम तू करशील, त्याची मला अजिबात काळजी नाही. संध्याकाळी लॅपटॉप बंद केल्यावर पुढे काय, तिथे आपली पोरं अडकतात.

मी तिथे राहून आलेय आणि त्यानंतर इथून वर्षभरासाठी कामाला जाणाऱ्या कितीतरी जणांना बघितलंय, गाडी त्याच रुळावरून जाते. दोघं-तिघं पुणेकर एका फ्लॅटमध्ये, शनिवारी चिकन नाहीतर खिचडी, मग वेबसीरिज, रविवारी घरी लांबलचक व्हिडिओ कॉल, आणि सुट्टी जोडून आली की पॅरिस-प्राग धावतपळत उरकून फोटो. कुणाशी ओळख का करून घेत नाही विचारलं तर म्हणतात, वर्षभराचाच तर प्रश्न आहे. आणि वर्ष संपून चाकणला परत येतात तेव्हा समोरच्या दारात कोण राहायचं हेही धड सांगता येत नाही. आपले लोक नकोत असं नाही हं, गणपती-दिवाळीला त्यांच्याशिवाय करमणारच नाही, पण सातही संध्याकाळी तेच चेहरे बघायचे असतील तर कोथरूडच काय वाईट आहे?

माझं ऐकशील तर एकच कर. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी (समज मंगळवारी), ठरलेल्या वेळी, तिथल्या लोकांबरोबर एखादी गोष्ट करायला लाग. काय करतोस याने फार फरक पडत नाही, दर वेळी जातोस की नाही याने पडतो. आपल्याकडे दोस्ती कट्ट्यावर होते, आठला फोन करायचा आणि साडेआठला वाडेश्वरला भेटायचं. तिकडे असं कोणी टपकत नाही, "ये कधीतरी घरी" म्हणालास तर समोरचा डायरी काढून कोणत्या तारखेला असं विचारेल. त्यांची दोस्ती होते ती फेराइनमध्ये, म्हणजे रजिस्टर केलेल्या मंडळात. सात माणसं जमली की मंडळ रजिस्टर करता येतं, त्यामुळे बॅडमिंटन, कोरस, बुद्धिबळ, भाजीपाल्याची बाग, वाट्टेल त्याची मंडळं आहेत. तू बॅडमिंटन खेळतोस, मग शोधायलाच नको. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला एकदोनदा असंच खेळू देतात, मग मेंबर व्हायचं. पहिल्या काही वेळा कोणी फारसं बोलणार नाही, ते शिष्टपणाने नसतं, तू पुढच्या मंगळवारी येणार आहेस का हे ते बघत असतात. महिन्या-दीड महिन्याने कोणीतरी खेळ झाल्यावर बिअरला चल म्हणेल, तेव्हा पीत नसलास तरी जा, ज्यूस घे, आणि चिअर्स करताना ग्लासकडे न बघता समोरच्याच्या डोळ्यात बघ. बिल देताना वेटर विचारतो एकत्र की वेगवेगळं, वेगवेगळंच असतं, तिथे आपल्यासारखी "मी देतो, मी देतो" ची झटापट करू नकोस, ते गोंधळून जातात.

एक लक्षात ठेव, तू तात्पुरता आहेस, म्हणून सही करायच्या आधी मेंबरशिप सोडायची नोटीस किती दिवसांची ते वाच. जिमवाले तर दोन-दोन वर्षांचं काँट्रॅक्ट पुढे करतात.

दर रविवारी सिंहगड करणाऱ्या माणसाला मी डोंगराचं काय सांगायचं, पण तिथे श्वेबिशर आल्बफेराइन नावाची जुनी गिर्यारोहण संस्था आहे, १८८८ सालची, त्यांच्या गावोगावी शाखा आणि ठरलेल्या तारखांचे ट्रेक असतात, पाहुण्यांनाही चालतं. बरेच जण पन्नाशी-साठीच्या पुढचे असतात, बघून नाक मुरडू नकोस, निवृत्त माणसाला तुझ्या मोडक्या जर्मनसाठी वेळ असतो. मॅक्स म्युलर भवनला जर्मनचं ए२ (म्हणजे दुसरी पायरी) केलंस ते चांगलंच झालं, पण तिथली श्वेबिश बोली ऐकून पहिले काही दिवस आपण नक्की कोणती भाषा शिकलो असं वाटेल. हसू आलं तर हस. रोटेब्यूलप्लात्स चौकात फोल्क्सहोखशूले, म्हणजे मोठ्यांसाठीच्या वर्गांची संस्था आहे, तिथले संध्याकाळचे क्लास घे, जर्मनचाच घे असं नाही, स्वयंपाकाचा, सुतारकामाचा, काहीही.

बिल्डिंगमधलं आता. श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या भागात, केरवोखे नावाचा प्रकार आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवतात, की या आठवड्यात जिना, पॅसेज, कुठे कुठे समोरचा फुटपाथही तू झाडायचास. झाडून झालं की ती पाटी पुढच्या दाराला. पुणेरी पाटीसारखीच आहे, फक्त टोमणा लिहिलेला नसतो, तो शेजारची आजी तोंडी मारते. आपल्या पोरांना याचा वैताग येतो, मला मात्र जिन्यात झाडू घेऊन उभं राहण्याइतकी ओळखीची सोपी युक्ती दुसरी सापडली नाही. येणारा-जाणारा थांबतोच, निदान नीट झाडतेय का हे बघायला! रात्री दहानंतर आणि रविवारी मात्र आवाज बंद, ड्रिल नाही, व्हॅक्युम नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणंसुद्धा नाही. फोडणीचा वास जिन्यात गेला तर आधी खिडक्या सताड उघड, थंडीत पण, ते लोकही रोज उघडतात.

रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनातली सोडली तर. शनिवारी दूध-ब्रेड भरून ठेव, आणि रिकाम्या बाटल्या परत दे, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट मिळतात. मग रविवार मोकळा. डॉइचलांडटिकेट नावाचा महिन्याचा पास काढलास तर देशभरातल्या लोकल आणि रीजनल गाड्या चालतात (मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला होता, नंतर महागला), त्यावर ट्यूबिंगेन, उल्म, बाड उराखचा धबधबा सगळं होतं. बंद करायचा असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात.

ऑफिसात तुझा वाढदिवस आला की केक तूच न्यायचास. आणि दुसऱ्याला आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, ते अपशकुन मानतात, व्हॉट्सॅपवर "ॲडव्हान्समध्ये" देणारी आपली जमात तिथे जोरात आपटते.

घरचे फोन. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलली की साडेचार. म्हणजे तू ऑफिसातून निघशील तेव्हा आई-बाबा झोपायच्या तयारीत. दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटं बोल, रोज बोल, पण संध्याकाळ फोनला देऊ नकोस. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा पांघरुणात फोन घेऊन पडायची फार इच्छा होते आणि नेमकं त्याच दिवसांत मंगळवारचं बॅडमिंटन कामाला येतं.

गेल्या गेल्या पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लाव, तिथे पत्रं फ्लॅट नंबरावर नाही, नावावर येतात. नाव नसेल तर बँकेचं कार्ड परत जातं. पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांच्या आत करायची असते, अपॉइंटमेंट इथूनच बघून ठेव.

तू ऑगस्टमध्ये पोचतोयस, तेव्हा शाळांना सुट्ट्या असतात आणि क्लब जिथे खेळतात ते शाळांचे हॉल बरेचदा बंद, त्यामुळे क्लबात गेलास आणि कोणीच नव्हतं म्हणून परत आलास असं नको. दोन-तीन क्लबांना आत्ताच मेल टाकून सप्टेंबरचं टायमिंग विचार. मेल जर्मनमध्येच लिही, चुकलं तर चुकलं. पाठवायच्या आधी हवं तर मला दाखव, शनिवारी घरीच आहे.