१९८४चा टोयोटा पिकअप रुबिकॉनसाठी: आधी गिअर, मग टायर

तुम्ही विचारलंत की १९८४चा टोयोटा फोर बाय फोर पिकअप (२२आर कार्ब्युरेटर इंजिन, पाच गिअर) रुबिकॉन ट्रेलसाठी (कॅलिफोर्नियातली खडकाळ ऑफ-रोड वाट) तयार करताना सहा इंची लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं) आणि ३५ इंची टायरपासून सुरुवात करावी का. तसं करू नका. पैसे आधी गिअरमध्ये घाला.

गाडी मात्र अगदी योग्य घेतलीत. अमेरिकेत १९७९ ते १९८५ याच टोयोटा पिकअपना पुढे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस) होता, १९८६पासून प्रत्येक चाक वेगळं हलणारं इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं.

आता हिशोब. पहिला गिअर ३.९५, ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, तिच्यात हाय आणि लो असे दोन गिअर) लो २.२८ आणि डिफ (ॲक्सलमधला डिफरन्शियल) ४.१० धरला, तर गुणाकार, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे, ३७च्या आसपास येतो. ३५ इंची टायर आणि ७५० आरपीएमची आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाची गती) असेल तर गाडी ताशी ३.४ किमीने सरकते. कातळाच्या कडेवरून उतरताना एवढा वेगही जास्त होतो. मग चालक अर्धा क्लच धरतो, क्लच जळतो, शेवटी रेस देऊन उडी मारतो आणि त्या झटक्यात जॉइंट तुटतो. क्रॉलरमधली (कातळांवरून सावकाश चढणारी गाडी) बहुतेक मोडतोड अशी वेगातून होते, त्यामुळे इंजिनाची ताकद वाढवण्यात मला अर्थ दिसत नाही.

डिफमध्ये ५.२९ घाला आणि दोन ट्रान्स्फर केस जोडा. पहिल्या केसचा फक्त रिडक्शनचा भाग वापरायचा, मागे ॲडॅप्टर लावून दुसरी पूर्ण केस. गुणाकार १०९ होतो आणि आयडलवरचा वेग ताशी १.१५ किमीवर येतो. एकाच केसमध्ये ४.७चा सेट बसवला तर ९८ मिळतात आणि खर्चही कमी होतो, पण हाय आणि ४.७ यांच्यामध्ये काहीच उरत नाही. बर्फात किंवा वाळूत ते फार जाणवतं. दोन केसमध्ये मधली २.२८ शाबूत राहते. पुढे कधी मागच्या केसमध्ये ४.७ घातलंत तर २२४पर्यंत जाता येतं. ॲडॅप्टर मागवण्याआधी गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) मोजा: २१ की २३, यावर सगळं ठरतं. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट लांब आणि मागचा आखूड करावा लागेल. मापं गाडी टायरवर उभी असतानाच घ्या, जॅकवर घेतलेली चुकतात.

डिफचा गोळा पुढून आख्खा निघतो, त्यामुळे गिअर टेबलावर बसवता येतात. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१३ ते ०.१८ मिमी ठेवा. पिनियनसाठी (डिफमधला छोटा गिअर) क्रश स्लीव्हऐवजी (आवळताना दबणारी नळी) सॉलिड स्पेसर वापरा. स्लीव्ह झटक्यांनी आणखी दबते, प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला दाब) जातो आणि दात झिजतात. मागे ऑटोमॅटिक लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफमधलं उपकरण) चालेल. पुढे मात्र हवेवर चालणारा, हवा तेव्हाच लागणारा घ्या, नाहीतर लो रेंजमध्ये स्टिअरिंग वळता वळत नाही.

पुढे लॉकर आला की खरा कच्चा दुवा उघडा पडतो तो बर्फील्ड जॉइंट (वळलेल्या पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा). चाक पूर्ण वळलेलं असताना रेस दिली, विशेषतः चढावर रिव्हर्समध्ये, की त्याची बाहेरची वाटी चिरते. लॉकरबरोबरच क्रोमोलीचे (मजबूत मिश्र पोलाद) जॉइंट आणि शाफ्ट घ्या. नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) उघडल्यावर ग्रीस पातळ, काळ्या रश्शासारखं दिसलं तर आतलं ॲक्सल सील गेलंय आणि डिफचं ऑईल त्यात मिसळतंय. सील बदलल्याशिवाय नवं ग्रीस भरू नका. नकल बेअरिंगचा प्रीलोड स्प्रिंग काट्याने ओढून बघा: ३ ते ६ किलोवर हलायला हवी. जास्त लागलं तर शिम (पातळ चकत्या) वाढवा, कमी लागलं तर काढा.

लिफ्ट चार इंचांवर थांबवा आणि उरलेली जागा फेंडर कापून काढा. उंच गाडी आडव्या उतारावर लवकर कलते. मागची उंची वाढली की ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असं समजून मागचा दाब कमी करतो. त्याचा ब्रॅकेट तेवढाच वर घ्या. ब्रेकच्या नळ्या लांब लावा.

मूळ स्टिअरिंगचा दांडा चासीला समांतर पुढे-मागे ढकलतो, त्यामुळे पाटे दबले की स्टिअरिंग आपोआप फिरतं. १९८६ ते १९९५च्या पिकअपचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स बसवून नकलच्या वरून क्रॉसओव्हर करा, म्हणजे दांडा गाडीच्या आडवा ढकलेल. बॉक्सपाशी चासीला ५ मिमीची पट्टी आतबाहेर वेल्ड केल्याशिवाय गाडी ट्रेलवर नेऊ नका, चासी तिथेच तडकते.

कार्ब्युरेटर तीव्र चढावर पेट्रोल ओततो किंवा तोडतो. उपाय म्हणजे २२आरई, याच इंजिनाचं फ्युएल इंजेक्शनवालं रूप. गाडी कॅलिफोर्नियात नोंदवलेली असेल तर १९७६पासूनच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) चाचणी आहे, म्हणून इंजिनाबरोबर त्याची उत्सर्जनाची सगळी उपकरणंही आणा.

साध्या रिमवर १० ते १२ पीएसआय हवा पुरते, त्याखाली जायचं तर बीडलॉक (टायरची कडा पकडून ठेवणारे रिम) हवेत. बरोबर एक जादा बर्फील्ड, ५४ मिमीचा हब सॉकेट आणि शंकूच्या आकाराचे कोन वॉशर ठोकून सोडवायला पितळी ड्रिफ्ट (ठोकायची कांडी) ठेवा. पहिल्या फेरीनंतर नकलच्या वरचे नट ९६ न्यूटन-मीटरला पुन्हा आवळा. एक सैल झाला की उरलेल्या तिघांचे स्टड तुटतात.