सहलीचे प्रश्न: परतीचा रस्ता आधी बघा

2025 च्या सप्टेंबरात काठमांडू पेटलं, तेव्हापासून या सदराच्या टपालात फिरून फिरून एकच प्रश्न येतोय: "तिकडे गडबड आहे म्हणतात, जायचं का?" कुणाला लुंबिनी गाठायची आहे, कुणाचे पैसे अडकलेत, कुणाचं विमान मधल्याच देशात उतरतं. त्यातली काही पत्रं या अंकात घेतली आहेत.

प्रश्न: आमच्या मंडळाचे 22 जण दोन टेम्पो ट्रॅव्हलरनी सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी आणि पुढे काठमांडूला स्वयंभू स्तूप असं करणार आहोत. निम्म्याहून जास्त मंडळी साठीच्या पुढची. घरची पोरं टीव्हीवर पाहिलेलं आठवून नको म्हणतात. सांगा बाप्पा, जायचं का नाही? (इंदोरा)

उत्तर: जा. पण काठमांडू वगळा आणि गाड्या सोनौलीत, सीमेच्या अलीकडेच उभ्या करा.

सप्टेंबर 2025 मध्ये काय झालं ते आधी नीट आठवू. सरकारने 26 समाजमाध्यमांवर बंदी घातली, 8 तारखेला तरुण रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. 9 तारखेला संसद आणि सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार जळाला, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. विमानतळ त्या दिवशी बंद झाला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडला. 12 तारखेला सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. सत्तरहून अधिक माणसं गेली. भडका चार-पाच दिवसांचा होता, पण त्याची चाहूल आठवडाभर आधी कुणाला नव्हती. म्हणून "आता शांत आहे ना?" एवढ्यावर ठरवू नका. बिघडलंच तर किती तासांत भारतात पोचतो, हे विचारा.

लुंबिनी सोनौलीपासून 25-30 किलोमीटर, म्हणजे तासाभराची वाट. काठमांडूहून सीमेपर्यंत मात्र घाटाचा अख्खा दिवस, आणि पावसाळ्यात नारायणगढ-मुग्लिनच्या पट्ट्यात दरडी. साठीच्या पुढची बारा-पंधरा माणसं त्या घाटात संचारबंदीत अडकली तर गोळ्या-औषधांपासून लघवीपर्यंत सगळेच प्रश्न उभे राहतात. पण "लुंबिनी राजधानीपासून लांब, तिथे काही होत नाही" या भरवशावरही राहू नका. त्या सप्टेंबरात भैरहवा-बुटवलकडेही संचारबंदी लागली होती, आणि सोनौलीहून लुंबिनीला जाताना भैरहवा लागतंच. किलोमीटर मोजण्यापेक्षा रस्ता कुठल्या गावातून जातो ते बघा.

गाड्यांचं कारण वेगळं आहे. भारतीय गाडी नेपाळात न्यायची तर सीमेवर भन्सार, म्हणजे जकातीची पावती, दिवसांच्या हिशोबाने काढावी लागते. बंदची हाक असली की रस्त्यावर भारतीय पाटीची गाडी लांबूनच ओळखू येते. तिसरी गोष्ट बहुतेक ट्रॅव्हल्सवाले सांगत नाहीत: गाडीच्या नेहमीच्या पॅकेज विम्यात दंगलीतलं नुकसान धरलेलं असतं, पण ते भारताच्या हद्दीत. नेपाळसाठी पॉलिसीवर भौगोलिक क्षेत्र वाढवल्याची वेगळी नोंद लागते. ती नसेल आणि गाडीच्या काचा फुटल्या तर खर्च मालकाच्या अंगावर, आणि मालक तो तुमच्याकडून काढणार. त्यापेक्षा सोनौलीहून दिवसभरासाठी नेपाळी गाडी भाड्याने घ्या.

क्रम असा लावा: सारनाथ, गोरखपूर, मग सोनौलीत किंवा अलीकडे नौतनव्यात मुक्काम, सकाळी लवकर लुंबिनी, अंधाराच्या आत परत, शेवटी कुशीनगर. त्या दिवशी सीमा बंद निघाली तर तोच दिवस सिद्धार्थनगर जिल्ह्यातल्या पिपरहव्याला द्या. स्तूप भारतातच आहे, सहल मोडत नाही. लुंबिनी शेवटी ठेवली की "एवढ्या लांब आलो, आता परत कसं फिरायचं" म्हणून माणसं नको तो धोका पत्करतात. मधे ठेवली तर ती सहज गाळता येते.

परत फिरायची खूण निघण्याआधी नागपुरातच ठरवून कागदावर लिहा: लुंबिनी ज्या जिल्ह्यात येते त्या रूपन्देहीत संचारबंदी, त्या तारखेला बंदची हाक, सीमेवर सशस्त्र सीमा बलाचे जवान पलीकडे जाऊ नका म्हणतात, किंवा परराष्ट्र मंत्रालय प्रवास पुढे ढकला म्हणतं. चारपैकी एकही खूण दिसली तर लुंबिनी नाही. तिथे उभं राहून मतदान घेऊ नका. 22 जणांत पाच जण "काही होत नाही"वाले असतातच.

प्रत्येकाकडे मूळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र स्वतःच्या खिशात हवं, सगळ्यांची एकाच पिशवीत नकोत. आधारवर भागतं ते 65 च्या वरच्यांचं आणि 15 च्या खालच्यांचं. पैसे 100 च्या नोटांत न्या, 500 च्या नोटांवर विसंबू नका.

प्रश्न: परदेश सहलीची तिकिटं तीन महिन्यांपूर्वी काढली. मागच्या आठवड्यात तिथे निदर्शनं सुरू झाली म्हणून लगेच प्रवास विमा घेतला. आता जायला मन होत नाही. विम्यातून पैसे मिळतील? (धरमपेठ)

उत्तर: बहुधा नाही, आणि कारणं दोन आहेत.

घर पेटल्यावर आगीचा विमा निघत नाही, तसंच हे. पॉलिसी घेतली त्या तारखेला जी घटना जगजाहीर होती तिच्यामुळे झालेलं नुकसान विमा कंपनी देत नाही. निदर्शनांची पहिली बातमी कधीची आणि पॉलिसीवर छापलेली तारीख कुठली, दाव्याच्या वेळी हेच आधी पाहिलं जातं. म्हणून विमा विमानात बसायच्या आदल्या रात्री नव्हे, सहलीचा पहिला हप्ता भरला त्याच दिवशी घ्यावा. संरक्षण तेव्हापासूनचं मिळतं.

दुसरं म्हणजे भीती वाटणं हे विम्याच्या भाषेत कारणच नाही. सहल रद्द झाल्याची भरपाई पॉलिसीत नावानिशी लिहिलेल्या कारणांनाच मिळते: जवळच्या माणसाचा मृत्यू, गंभीर आजार, इस्पितळात भरती वगैरे. त्या यादीत दंगल, संप, नागरी अशांतता हे शब्द आहेत का ते स्वतः वाचा. युद्ध आणि यादवी युद्ध तर बहुतेक पॉलिसींत सरळ वगळलेलंच असतं. दंगल काहींत यादीत असते, काहींत वगळलेली. काही महागड्या पॉलिसींत राजकीय संकटात देशाबाहेर काढण्याचा खर्च वेगळा दिलेला असतो. गडबडीचा देश निवडत असाल तर जास्तीचे पैसे त्यासाठी मोजा, सामान हरवण्याच्या भरपाईसाठी नको.

एजंटला फोनवर विचारू नका, "सगळं कव्हर आहे सर" हेच ऐकू येईल. कंपनीला ईमेलने तीन प्रश्न करा. दंगलीत मी नुसता रस्त्याने जात असताना जखमी झालो तर उपचाराचा खर्च मिळेल का? विमानतळ बंद पडून मुक्काम वाढला तर पॉलिसी किती दिवस आपोआप लांबते? आणि भारत सरकारने जाऊ नका म्हटल्यावर गेलो तर पॉलिसी लागू राहते का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच दावे अडतात. उत्तर लेखी आलं की जपून ठेवा. पॉलिसीची मुदतही परतीच्या तारखेपेक्षा आठवडाभर पुढची घ्या, विम्याचा हप्ता फार वाढत नाही.

आता तुमच्यापुरतं सांगायचं तर वाट पाहा. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान हा तुमचा हक्क आहे. तुम्ही आधी रद्द केलंत तर भाड्याच्या अटींप्रमाणे कापूनच मिळेल.

प्रश्न: आम्ही जाणार त्या देशात आणीबाणी जाहीर झाली आहे. टूर कंपनी म्हणते सहल निघणारच, तुम्ही रद्द केलीत तर 75 टक्के कापू. (मानेवाडा)

उत्तर: "रद्द" हा शब्द तुमच्याकडून लेखी जाऊ देऊ नका. एकदा तो गेला की कपातीचा तक्ता लागू होतो. "परिस्थिती बदलल्यामुळे तारीख पुढे ढकलावी किंवा तेवढ्याच किमतीची दुसरी सहल द्यावी" असं लिहा. सोबत परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनेचं तारीख दिसेल असं छायाचित्र जोडा. टूर कंपनीचंही हॉटेलवाल्याकडे तारीख फिरवणं पैसे परत मागण्यापेक्षा सोपं जातं, त्यामुळे इथे तडजोड निघते.

त्याच पत्रात एक प्रश्न विचारा: कार्यक्रमातलं नेमकं काय होणार आणि काय नाही? आणीबाणीतही सहल निघते हे खरं आहे, फक्त ती कागदावरची सहल राहत नाही. 2022 मध्ये श्रीलंकेत मार्चअखेरीस दिवसाला 13 तास वीज जात होती, आणि जूनच्या शेवटी अत्यावश्यक सेवा सोडून बाकी वाहनांना पेट्रोल-डिझेल विकणंच थांबवलं गेलं. तेव्हा पर्यटकाला दगडांपेक्षा रिकाम्या टाकीची भीती जास्त. अनुराधापूर आणि कॅंडी कार्यक्रमात लिहिलंय, पण गाडीला डिझेल कुठून आणणार, याचं उत्तर कंपनीला देता आलं नाही तर सेवेतली उणीव तिथेच दिसते.

पैसे भरताना कापलेला टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतलेला आयकर, कंपनीकडे मागून मिळणार नाही, तो सरकारजमा झालेला असतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तो तुमच्या नावावर दिसतो का बघा आणि आयकर विवरणपत्रात मागून घ्या. बाकी रकमेसाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, मग जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

प्रश्न: अमेरिका म्हणते जाऊ नका, ब्रिटन म्हणतं अमुक भाग सोडा, आपलं सरकार काहीच म्हणत नाही. कुणाचं ऐकायचं? (महाल)

उत्तर: विमा आणि परतीच्या मदतीसाठी आपल्याच सरकारचं. माहितीसाठी ब्रिटनचं, कारण ते देशाचा नकाशा रंगवून कुठला भाग टाळायचा ते दाखवतात. अमेरिकेच्या पायऱ्या चार: 1 नेहमीची काळजी, 2 जास्त सावधगिरी, 3 पुन्हा विचार करा, 4 जाऊ नका. ती पायरी अख्ख्या देशाला लागते, म्हणून खाली प्रांतवार काय लिहिलंय ते वाचावं. आपल्याकडे पायऱ्या नसतात, शब्द असतात. "सावध राहा" आणि "अनावश्यक प्रवास टाळा" यांत मोठा फरक आहे. सुट्टीची सहल ही सरकारी भाषेत अनावश्यकच, वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न: युरोपला नागपूर-दोहामार्गे जाणार आहोत. आम्ही जाणार त्या देशात शांतता आहे, पण मधेच काही झालं तर? (प्रतापनगर)

उत्तर: योग्य शंका. 23 जून 2025 ला इराणने कतारमधल्या तळावर क्षेपणास्त्रं डागली तेव्हा तिथलं आकाश काही तास बंद होतं, आणि ज्यांचा कतारशी संबंध फक्त विमान बदलण्यापुरता होता तेही अडकले. इथे एकच गोष्ट महत्त्वाची: नागपूरपासून शेवटच्या शहरापर्यंत सगळं एकाच पीएनआरवर हवं. तसं असेल तर पुढचं विमान देणं कंपनीचं काम. दोन-तीन हजार वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट बुडालं. मधल्या देशाचा व्हिसा नसेल तर विमानतळाबाहेरही पडता येत नाही, म्हणून औषधं हातातल्या पिशवीत.

किती दिवसांची, असं पुढे विचाराल. दोह्यात तासांचा प्रश्न होता, काठमांडूत साधारण दिवसाचा. पण 2008 मध्ये आंदोलकांनी बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ 25 नोव्हेंबरपासून 3 डिसेंबरपर्यंत अडवून धरला होता. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या दहा दिवस जास्तीच्या घ्या.

प्रश्न: हॉटेलात असतानाच संचारबंदी लागली तर नेमकं काय करायचं? (वर्धमाननगर)

उत्तर: पहिल्या तासात चार कामं. फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला लावा, पाणी भरून ठेवा, हॉटेलात जेवण किती दिवस पुरेल ते विचारा, आणि घरी साधा एसएमएस करा. व्हॉट्सॲपच्या भरवशावर राहू नका: नेपाळच्या बंदीत तेही होतं, आणि बांगलादेशात 18 जुलै 2024 पासून इंटरनेटच गेलं होतं. नेट गेलं की कार्ड आणि ऑनलाइन पैसेही गेले, म्हणून तीन दिवस पुरेल एवढी रोकड तिथल्या चलनात हवी. दूतावासाचा पत्ता आणि नंबर कागदावर लिहिलेला असू द्या. काठमांडूत तो लैंचौरला आहे, वीरगंजला वाणिज्य दूतावास आहे.

गच्चीवरून चित्रीकरण करू नका. खिडकी रस्त्यावर उघडत असेल तर मागची खोली मागून घ्या. मोठं नामांकित हॉटेल जास्त सुरक्षित हा समज काठमांडूतलं हिल्टन जळालं तेव्हाच खोटा ठरला. सरकारी इमारती आणि पुढाऱ्यांच्या घरांपासून लांबचं साधं हॉटेल बरं. परतीचं विमान असेल तर संचारबंदीतही तिकीट आणि पासपोर्ट दाखवून विमानतळापर्यंत बहुतेक वेळा सोडतात, पण तिकीट कागदावर छापलेलं ठेवा, बंद पडलेला फोन दाखवून उपयोग नाही. पासपोर्ट हरवला तर दूतावास एकदाच भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. त्याला पोलिसांची नोंद मागतात, आणि दंगलीत पोलीस ठाणंच बंद असू शकतं. अशा वेळी थेट दूतावासात जा. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स आणि दोन फोटो मूळ पासपोर्टपासून वेगळ्या पिशवीत ठेवलेले असतील तर तिथलं काम निम्मं होतं.